तहाने संपलेली गोष्ट

५ नोव्हेंबर २००३ या दिवशी एक गंमत घडली. लॉस एंजेलिसमध्ये सकाळचे सहा, न्यूयॉर्कमध्ये नऊ, लंडनमध्ये दुपारचे दोन, मॉस्कोत संध्याकाळचे पाच आणि टोकियोत रात्रीचे अकरा वाजले, त्याच क्षणी या साऱ्या शहरांत एकच चित्रपट पडद्यावर सुरू झाला. आपल्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे साडेसात झाले होते. सूर्य काही जगभर एकाच वेळी उगवत नाही, ईदचा चंद्रसुद्धा सगळीकडे एकाच दिवशी दिसत नाही. पण हॉलिवूडच्या एका कंपनीने हे जमवून आणलं. चोरट्या प्रती बाजारात येण्याआधी पैसा वसूल करावा, हा व्यवहारी हिशेब त्यामागे होताच. पण सगळ्या जगाने एका गोष्टीचा शेवट एकाच वेळी ऐकावा, ही हौसही त्यात होती.

तो चित्रपट होता ‘द मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स’. तीन विज्ञानचित्रपटांच्या मालिकेतला शेवटचा. आणि जगाने एकाच वेळी ऐकलेला तो शेवट जगातल्या बहुतेकांना आवडला नाही. दोन-तीन आठवड्यांत ‘फसला’ असा शिक्का त्याच्यावर बसला आणि तो बऱ्याच अंशी अजून पुसला गेलेला नाही. हा शिक्का का बसला, तो कितपत खरा होता आणि आज या चित्रपटाकडे पुन्हा पाहावं असं त्यात काय आहे, याचा विचार इथे करायचा आहे.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. पहिला ‘द मॅट्रिक्स’ १९९९ च्या मार्चअखेरीस अमेरिकेत आला. त्याचा नायक दिवसा एका कंपनीत संगणकाचं काम करतो आणि रात्री ‘निओ’ या टोपणनावाने संगणकातल्या चोरवाटा धुंडाळतो. आपल्या भोवतालच्या जगात काहीतरी खटकतंय, एवढंच त्याला जाणवत असतं. मॉर्फियस नावाचा एक माणूस त्याला गाठतो आणि दोन गोळ्या पुढे करतो. निळी घेतली तर सारं विसरून पूर्वीसारखं जगता येईल. लाल घेतली तर सत्य दिसेल. निओ लाल गोळी घेतो आणि एका कुंडात जागा होतो. अंगाला नळ्या लावलेल्या, शेजारी अशीच लाखो कुंडं. माणूस आणि यंत्रं यांच्यात कधीकाळी युद्ध झालं, त्यात माणूस हरला. आता यंत्रं माणसांची शेती करतात, त्यांच्या शरीरातून ऊर्जा काढतात, आणि त्यांनी जागं होऊ नये म्हणून त्यांच्या मेंदूला एक स्वप्न पुरवतात. रस्ते, कचेऱ्या, पगार, पाऊस, सगळं त्या स्वप्नात आहे. त्या स्वप्नाचं नाव मॅट्रिक्स.

आपल्याकडे मायेची कल्पना मुलं आजीच्या मांडीवरच ऐकतात. सूफींनीही जगाला स्वप्न म्हटलं आहे आणि मरणाला जाग. तेव्हा ही कल्पना आपल्याला काही परकी नव्हती. नवं होतं ते तिला दिलेलं यंत्रयुगाचं रूप. हवेत झेपावलेलं माणूस तिथल्या तिथे थबकावं आणि कॅमेऱ्याने त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालावी, असं दृश्य या चित्रपटाने जगभर लोकप्रिय केलं. पुढे जाहिरातींपासून विनोदी चित्रपटांपर्यंत सगळ्यांनी त्याची नक्कल केली. चार ऑस्करसाठी नामांकन मिळालं आणि चारही पारितोषिकं मिळाली. साधारण सहा कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाने जगभरात सुमारे ४६ कोटी डॉलर मिळवले. दिग्दर्शक त्या वेळी ‘वाचोव्स्की बंधू’ म्हणून ओळखले जात. पुढे लाना यांनी २०१२ मध्ये आणि लिली यांनी २०१६ मध्ये आपण स्त्री असल्याचं जाहीर केलं. तेव्हा आज त्यांना वाचोव्स्की भगिनी म्हणायला हवं.

पहिल्या चित्रपटाने एक प्रश्न विचारला होता : जे दिसतं ते खरं कशावरून? हा प्रश्न इतका देखणा होता की उत्तराची कुणाला घाई नव्हती. निओ शेवटी मॅट्रिक्सच्या आत जवळजवळ अजिंक्य होतो आणि आकाशात झेप घेतो, तिथे चित्रपट संपतो. खरं तर गोष्ट तिथेच संपवता आली असती. पण यश मिळालं की पुढचा भाग आलाच. दुसरा आणि तिसरा भाग एकत्रच चित्रित झाले, मुख्यतः ऑस्ट्रेलियात, सिडनी शहरात. प्रत्येकाचा खर्च सुमारे १५ कोटी डॉलर. दुसरा, ‘द मॅट्रिक्स रीलोडेड’, मे २००३ मध्ये आला आणि तिसरा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये.

दुसऱ्या भागाने पहिल्याच्या देखण्या प्रश्नाखालची सतरंजी ओढली. त्यात निओची गाठ मॅट्रिक्सच्या रचनाकाराशी पडते. पांढरी दाढी, राखी सूट, निवृत्त प्राध्यापकासारखी अवघड भाषा. तो सांगतो की, तू पहिला तारणहार नाहीस, सहावा आहेस. माणसांमध्ये बंड करणारे काही जण निघणारच. म्हणून त्यांच्यासाठी एक तारणहार आम्हीच ठेवतो. झायन हे मुक्त माणसांचं शेवटचं शहर पाचदा उद्ध्वस्त झालं आहे, आता सहाव्यांदा होईल. म्हणजे बंडसुद्धा व्यवस्थेचाच भाग! पहिल्या भागावर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकाला हा धक्का होता. तरीही लोकांनी गर्दी केली. जगभरात सुमारे ७४ कोटी डॉलर जमा झाले. इजिप्तच्या सेन्सॉर मंडळाने निर्मिती आणि अस्तित्व यांविषयीच्या धार्मिक प्रश्नांचं कारण देऊन त्यावर बंदी घातली, तीही त्याच वर्षी. एका मारधाडीच्या चित्रपटावर अशा कारणासाठी बंदी यावी, यातच तो लोकांना किती गंभीर वाटला ते दिसतं.

याच भागात एक शांत प्रसंग आहे, तो पुढच्या चर्चेसाठी ध्यानात ठेवायला हवा. झायनच्या मंडळातला एक वृद्ध सभासद रात्री निओला शहराच्या तळघरात नेतो. तिथे प्रचंड यंत्रं घरघरत असतात. पाणी शुद्ध करणारी, हवा देणारी, ऊब देणारी. वर यंत्रांशी युद्ध चाललंय आणि खाली यंत्रांच्याच भरवशावर जगणं चाललंय. ही यंत्रं आपण हवी तेव्हा बंद करू शकतो, असं निओ म्हणतो. म्हातारा मान डोलावतो आणि विचारात पडतो की, ती बंद केली तर आपलं काय? हा प्रसंग तेव्हा कंटाळवाणा म्हणून अनेकांनी सोडून दिला. पण तिसऱ्या भागाची किल्ली त्यातच आहे.

आता तिसरा भाग. यंत्रांची फौज जमीन पोखरत झायनपर्यंत पोचली आहे. शहरात अडीच लाख माणसं आणि चाल करून येणारी यंत्रंही अडीच लाख. माणशी एक, असा यंत्रांचा चोख हिशेब. दुसरीकडे मॅट्रिक्सच्या आत स्मिथ माजला आहे. हा मूळचा यंत्रांचा पोलिस, काळा सूट आणि काळा चष्मा घालणारा. पण तो मालकांच्या हातून सुटला आहे आणि ज्याला स्पर्श करील त्याला आपल्यासारखं करत चालला आहे. शेवटी स्वप्नातल्या अख्ख्या शहरात स्मिथशिवाय कुणी उरत नाही. माणसांना तो नको आहे आणि यंत्रांनाही आवरत नाही. झायनची फौज किल्ला लढवत असताना निओ आणि त्याची प्रिया ट्रिनिटी उलट्या दिशेने, थेट यंत्रांच्या राजधानीकडे निघतात. वाटेत निओचे डोळे जातात आणि शहराच्या वेशीवर ट्रिनिटीचा मृत्यू होतो. आंधळा, एकटा निओ यंत्रांच्या सत्तेपुढे उभा राहतो आणि सौदा मांडतो : स्मिथ तुमच्याही हाताबाहेर गेला आहे, त्याला मी थांबवतो. बदल्यात काय हवं, असं विचारल्यावर त्याची मागणी एका शब्दाची असते. शांतता.

धो धो पावसात निओ आणि स्मिथ यांची अखेरची झुंज होते. स्मिथ त्याला चिखलात लोळवतो आणि वैतागून विचारतो की, तू पुन्हा पुन्हा उठतोस तरी कशासाठी? निओ उत्तर देतो की, ही माझी निवड आहे. पण ती झुंज तो ताकदीने जिंकत नाही. तो हात खाली सोडतो आणि स्मिथला आपल्यात शिरू देतो. निओचं शरीर त्या वेळी यंत्रांच्या मूळ केंद्राला जोडलेलं असतं. त्याच वाटेने यंत्रं स्मिथपर्यंत पोचतात आणि एकामागून एक सगळे स्मिथ फुटून जातात. चित्रपट हे तोंडाने समजावून सांगत नाही. आपल्याला जुळवून घ्यावं लागतं. झायनमध्ये माणसांच्या अंगावर आलेली यंत्रं हवेतच थबकतात आणि मुकाट परत फिरतात. यंत्रं नष्ट झाली नाहीत, मॅट्रिक्सही मोडलं नाही. तह झाला. एवढ्यावर गोष्ट संपली.

प्रेक्षकांनी काय केलं, ते आकडेच सांगतात. अमेरिकेत दुसऱ्या भागाने २८ कोटी डॉलर मिळवले होते, तिसऱ्याने सुमारे १४ कोटी, बरोबर निम्मे. जगभरातली मिळकत ४३ कोटींच्या आसपास, म्हणजे पहिल्यापेक्षाही कमी. तोट्याचा धंदा नव्हे, पण सहा महिन्यांपूर्वी ज्यांनी रांगा लावल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी लोकांनी शेवट पाहायलाही येऊ नये, हे बोलकं होतं. समीक्षकांमध्ये नापसंती व्यक्त करणारे बरेच जास्त. रॉजर एबर्ट या नामवंत समीक्षकाने चारपैकी तीन तारे दिले आणि दृश्यांची वाहवा केली; पण यातल्या माणसांचं काय होतं याची आपल्याला फारशी फिकीर वाटत नाही, असंही नोंदवलं. ऑस्करच्या यादीत दुसऱ्या-तिसऱ्या भागांना नामांकनसुद्धा मिळालं नाही.

लोकांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. पहिली तक्रार अशी की, झायनची लढाई फार लांबते आणि तेवढा वेळ निओ, ट्रिनिटी पडद्यावर नसतात. ज्यांच्यासाठी आपण आलो ते पाहुणे आतल्या खोलीत आणि आपण अंगणात मांडवाचं काम पाहत बसलेले, तशी गत. दुसरी तक्रार म्हणजे मरतानाचं संभाषण. ट्रिनिटीच्या अंगात सळया घुसलेल्या असतात आणि तरी ती इतका वेळ बोलते की डोळ्यांत आलेलं पाणी वाळून जातं.

तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे. गोष्टीचे तुकडे इकडेतिकडे विखुरले होते. ‘द ॲनिमॅट्रिक्स’ नावाच्या नऊ लघु-ॲनिमेशनपटांत एक भाग, ‘एंटर द मॅट्रिक्स’ या व्हिडिओ गेममध्ये दुसरा भाग. झायनचा दरवाजा उघडणारा पोरगा कोण, हे ॲनिमेशन पाहणाऱ्यालाच ठाऊक. ऑरॅकल म्हणजे भविष्य सांगणारी प्रेमळ बाई. तिचा चेहरा तिसऱ्या भागात बदलला आहे. खरं कारण दुःखद होतं. ग्लोरिया फॉस्टर ही अभिनेत्री आपलं दुसऱ्या भागातलं काम करून २००१ मध्ये वारली आणि मेरी ॲलिस हिने ती भूमिका पुढे नेली. गोष्टीत या बदलाला कारण दिलं आहे, पण ते नीट कळायला व्हिडिओ गेम खेळावा लागे. तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या माणसाला अर्धी गोष्ट दुसऱ्या दुकानात मिळेल असं सांगितलं, तर तो रागावणारच.

तरीही माझ्या मते खरं कारण याहून खोल आहे. गोष्टीने मधल्या वाटेत प्रश्न बदलला. पहिल्या भागाचा प्रश्न होता, खरं काय? तिसऱ्याचा प्रश्न आहे, शत्रूबरोबर जगायचं कसं? पहिल्या प्रश्नात नशा असते. ज्याला सत्य कळलं तो निवडक, बाकीचे झोपलेले, हा विचार कुणालाही सुखावतो. दुसऱ्या प्रश्नात नशा नाही. त्यात आपल्यालाही काही सोडावं लागतं, आणि समोरच्याचीही काही बाजू आहे हे मानावं लागतं.

ही समोरच्याची बाजू चित्रपट कशी मांडतो, ते पाहण्यासारखं आहे. सुरुवातीलाच निओ एका ओसाड रेल्वे स्टेशनवर अडकतो. तिथे गाडीची वाट पाहणारं एक कुटुंब भेटतं. बाप रामा-कांद्रा, आई कमला आणि मुलगी सती. आपल्याकडच्या रामचंद्राला अमेरिकेत असं वळण मिळालं असावं. हे तिघेही माणसं नाहीत, यंत्रांच्या जगातले प्रोग्रॅम आहेत. बाप ऊर्जाकेंद्रात काम करतो. मुलगी कुठल्याही कामासाठी घडवलेली नाही, आणि त्या जगात ज्याचं काही काम नाही ते पुसून टाकतात. म्हणून आईबाप तिला चोरून मॅट्रिक्समध्ये, ऑरॅकलच्या आश्रयाला पाठवायला निघाले आहेत. तिला ठेवून त्यांना परत जावं लागणार आहे. निर्वासितांच्या कुठल्याही स्टेशनावर दिसावं असं हे दृश्य, फक्त निर्वासित यंत्रांच्या बाजूचे.

निओ चकित होतो. यंत्राला मुलीविषयी प्रेम? तेव्हा रामा-कांद्रा जे सांगतो ते कुठल्याही कवीने कान देऊन ऐकावं. त्याचं म्हणणं असं की, प्रेम हा एक शब्द आहे. महत्त्व आहे ते त्या शब्दाने सुचवलेल्या नात्याला. पुढे तो कर्म या शब्दाविषयीही बोलतो. आपण इथे ज्यासाठी आहोत ते सांगण्याची ती एक रीत आहे, असं तो मानतो. आणि आपल्या वाट्याला आलेल्या कर्माबद्दल, बायकोबद्दल, लेकीबद्दल त्याच्या मनात कृतज्ञता आहे. शब्द हे नुसतं भांडं, आतलं पाणी म्हणजे नातं, हे आयुष्यभर शब्दांशी खेळणाऱ्यालाही कधीकधी विसरायला होतं. इथे ते एका यंत्राच्या तोंडी आलं आहे. ज्याला शत्रू मानून आपण दोन चित्रपट टाळ्या पिटल्या, तोही बाप असू शकतो, हे या एका प्रसंगाने सांगितलं. त्यानंतर यंत्रांचा नायनाट दाखवून गोष्ट संपवता येणं शक्यच नव्हतं.

काळाचाही विचार करायला हवा. २००३ च्या मार्चमध्ये अमेरिकेने इराकवर चढाई केली होती. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला मोहीम फत्ते झाल्याचा फलक एका युद्धनौकेवर झळकला होता. चित्रपटाचं चित्रीकरण त्याआधी झालं असल्यामुळे त्यात इराकवर भाष्य शोधणं बरोबर नाही. पण प्रेक्षक मात्र त्या वातावरणातून चित्रपटगृहात येत होता. त्याच मोसमात, सहा आठवड्यांनी, आणखी एका मालिकेचा शेवटचा भाग आला : ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला ‘द रिटर्न ऑफ द किंग’. तिथे शत्रूचा बुरूज कोसळतो, दुष्टाचा समूळ नाश होतो, राजाला राज्याभिषेक होतो. त्याला ११ ऑस्कर मिळाली आणि शंभर कोटी डॉलरपलीकडे मिळकत झाली. तो चित्रपट चांगलाच आहे, त्याचं यश कमी लेखायचं नाही. पण दोन शेवट शेजारी ठेवले की दिसतं, लोकांना कोणता हवा होता.

यात एक योगायोग आपल्या अगदी जवळचा आहे. डॉन डेव्हिस या संगीतकाराने निओ-स्मिथच्या अखेरच्या झुंजीत समूहस्वरात जे गाऊन घेतलं आहे ते संस्कृत आहे, उपनिषदांतलं. चित्रपट संपून श्रेयनामावली सुरू होते तेव्हाही बृहदारण्यक उपनिषदातली ती प्रसिद्ध प्रार्थना ऐकू येते, असत्याकडून सत्याकडे, अंधाराकडून उजेडाकडे आणि मृत्यूकडून अमृतत्वाकडे नेण्याची. जूनो रिॲक्टर या संगीतसमूहाबरोबर केलेल्या त्या रचनेचं नाव आहे ‘नवरस’. साहित्यशास्त्र वाचलेल्यांना ठाऊक आहे की, भरतमुनींनी रस आठच सांगितले. नववा, शांतरस, मागाहून जोडला गेला आणि अभिनवगुप्तांनी त्याची बाजू हिरिरीने मांडली. नाटकात शांतरस रंगतो की नाही यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाले, कारण ज्यात सगळ्या खळबळी निवतात ते प्रेक्षकाला धरून कसं ठेवणार? २००३ मध्ये जगभरच्या चित्रपटगृहांत हाच जुना वाद पुन्हा झाला, असं म्हणायला हरकत नाही. लोक वीररसाचं तिकीट काढून आले होते. त्यांना शेवटी शांतरस मिळाला.

वाचोव्स्कींनी या टीकेचं काय केलं, तेही ऐकण्यासारखं आहे. २००४ च्या अखेरीस तिन्ही चित्रपटांचा डीव्हीडी संच निघाला. अशा संचात कलावंत स्वतःचं कौतुक ध्वनिमुद्रित करून ठेवतात. इथे तसं झालं नाही. प्रत्येक चित्रपटाला दोन भाष्यं जोडली. एक कॉर्नेल वेस्ट आणि केन विल्बर या दोन विचारवंतांचं, ज्यांना चित्रपट मोलाचे वाटतात. आणि दुसरं तीन समीक्षकांचं, ज्यांना पुढचे भाग मुळीच पसंत नाहीत. आपल्याच घरात आपल्या टीकाकारांना खुर्ची देणं सोपं नसतं. आपल्याकडचे साहित्यिक वाद ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना याचं मोल कळेल. तहाची गोष्ट सांगणाऱ्यांनी तो तह असा वागूनही दाखवला.

पुढे या मालिकेचं काय झालं? २०२१ च्या डिसेंबरमध्ये लाना वाचोव्स्की यांनी एकटीने चौथा भाग काढला, ‘द मॅट्रिक्स रेसरेक्शन्स’. त्यात मोठी झालेली सती प्रियांका चोप्रा हिने केली. कोरोनाच्या काळात तो अमेरिकेत घरबसल्याही पाहायला मिळत होता. जगभरात त्याला १६ कोटी डॉलरच्या आसपासच मिळाले. २०२४ मध्ये ड्रू गोडार्ड या दिग्दर्शकाच्या हाती पाचवा भाग सोपवल्याची घोषणा झाली. म्हणजे ‘शेवटचा’ म्हणून जो आला तो शेवटचा राहिला नाही. तरी मूळ गोष्ट २००३ मध्येच पुरी झाली, असंच बहुतेक जण मानतात.

दरम्यान पहिल्या चित्रपटातली लाल गोळी पडद्यावरून उतरून राजकारणात गेली. आम्हाला सत्य दिसलं, बाकीचे झोपेत आहेत, असं सांगणाऱ्या नाना प्रकारच्या गटांनी, त्यांत स्त्रियांचा द्वेष करणारेही आले, इंटरनेटवर ती आपली खूण म्हणून मिरवली. ज्यांनी ती गोळी लिहिली त्या लिली वाचोव्स्की यांनी २०२० मध्ये सांगितलं की, त्या गोष्टीच्या मुळाशी देहाच्या चौकटीतून मोकळं होण्याची, परिवर्तनाची तळमळ होती. एकाच्या मुक्तीची खूण दुसऱ्याच्या द्वेषाची खूण झाली. प्रतीकांचं असं होतं. ती लिहिणाऱ्याच्या मालकीची राहत नाहीत. पण तिसऱ्या भागातला तह मात्र कुणी झेंड्यावर घेतला नाही. लाल गोळीची घोषणा होते, तहाची होत नाही. तहाला जमाव लागत नाही, समोरासमोर बसणारी दोन माणसं लागतात.

आणि यंत्रांचं काय? १९९९ मध्ये यंत्र विचार करील, बोलेल, ही कथा-कादंबरीतली गोष्ट होती. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि शाळकरी पोरंही यंत्राला प्रश्न विचारून उत्तर मिळवू लागली. नोकऱ्या जातील का, खरं छायाचित्र कोणतं आणि खोटं कोणतं, लेखणी कुणाच्या हातात राहील, हे प्रश्न आता घराघरांत आहेत. या प्रश्नांशी दोन हात करताना पहिला भाग फारसा उपयोगी पडत नाही. तो इतकंच सांगतो की, जागे व्हा आणि लढा. आपली गत झायनच्या तळघरातल्या त्या म्हाताऱ्यासारखी आहे. यंत्र तोडता येत नाही आणि त्याच्या पायावर डोकंही ठेवता येत नाही. त्याच्याशी करार करावा लागणार, अटी घालाव्या लागणार, त्या पाळल्या जातात की नाही यावर डोळा ठेवावा लागणार. हे काम कंटाळवाणं आहे. त्यात काळे चष्मे आणि उडणारे अंगरखे नाहीत. पण खरं काम हेच आहे, आणि तिसऱ्या भागाने ते वीस वर्षांहून अधिक काळ आधी दाखवून ठेवलं आहे.

चित्रपटाचा अखेरचा प्रसंग एका बागेत घडतो. झुंज संपली आहे, मॅट्रिक्समधलं शहर पुन्हा जागं झालं आहे. रचनाकार आणि ऑरॅकल एका बाकापाशी भेटतात. ज्यांना या स्वप्नातून बाहेर पडायचं असेल त्यांचं काय, असं ती विचारते. त्यांना सोडलं जाईल, असं तो सांगतो. शब्द देतोस ना, म्हटल्यावर तो जरा दुखावतोच. शब्द फिरवायला मी काय माणूस आहे, असा त्याचा रोख असतो. प्रेक्षागृहात इथे हसू येतं, आणि मग ते हसू घशात अडकतं. मराठीत ‘शब्द’ म्हणजे बोललेलं आणि ‘शब्द’ म्हणजे दिलेलं वचनही. रामा-कांद्राला जो शब्द नात्याची खूण वाटला होता, त्याच शब्दावर आता दोन जातींचं जगणं टांगलेलं आहे.

ही शांतता किती दिवस टिकेल असं तुला वाटतं, असंही तो विचारतो. ऑरॅकलचं उत्तर साधं आहे : टिकेल तितके दिवस. उर्दूत ‘सुलह’ म्हणतात, मराठीत ‘सलोखा’ म्हणतात. कानाला किती जवळचे वाटतात हे शब्द. ज्यांनी गावात, गल्लीत, भावाभावांत सलोखा करून पाहिला आहे त्यांना ऑरॅकलचं उत्तर कमी वाटणार नाही. सलोख्याला मुदतीचा कागद मिळत नाही, तो रोज सकाळी नव्याने करावा लागतो. मागे सतीने निओसाठी घडवलेला सूर्योदय आकाशभर पसरलेला असतो. एका निरुपयोगी म्हणून पुसली जाणार होती त्या पोरीने केलेलं हे काम. आजवर फक्त हिरवट उजेडात दिसलेल्या त्या शहराला पहिल्यांदाच इतके रंग मिळालेले असतात.